काकू, तुमचा टर्न नव्हता

गणपती जाऊन तीन आठवडे झाले. मांडवाचे बांबू गेले, वर्गणीचा हिशोब लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागला, त्यावरून रीतीप्रमाणे भांडणंही होऊन गेली. माझ्या डोक्यातून मात्र एक बॉल काही जात नाही. आमची सोसायटी घोडबंदर रोडला. गणेशोत्सवात क्लबहाउसमध्ये स्पर्धा असतात; कॅरम, बुद्धिबळ, पाककृती हे नेहमीचं, आणि यंदा पहिल्यांदाच टेबल टेनिसची महिला दुहेरी. चारच जोड्यांची नावं आली, त्यामुळे एक मॅच जिंकून आम्ही थेट फायनलला. आम्ही म्हणजे मी, वय एक्कावन्न, आणि बाराव्या मजल्यावरची एक मुलगी. मुलगी म्हणायचं आपलं, चौतिशीची आहे, बँकेत नोकरी करते, मला ताई म्हणते आणि अहोजाहो करते. तिसरी गेम, ९-९. समोरून सर्व्हिस आली. रिसीव्ह तिचा होता. पाच पॉइंटवर टेबलाची बाजू बदलली तेव्हा रिसीव्हचा क्रमही बदलला, त्यात माझा घोळ झाला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं तर घोळबिळ काही नव्हता. बॉल माझ्या बाजूला आलेला दिसला आणि हात गेला. फटका झकास बसला, हेही सांगायला हवं. समोरच्या कोपऱ्यात टप्पा पडून बॉल थेट पाण्याच्या कूलरखाली. मागच्या खुर्च्यांवरून ‘वा काकू’ आलंसुद्धा. आणि मग अंपायर म्हणून बसवलेला नववीतला मुलगा, स्कोअरच्या पाट्या मांडीवर धरून, अगदी हळू आवाजात म्हणाला, “काकू, तुमचा टर्न नव्हता.”

पुढचं मिनिटभर मी बोलत होते. अरे देवा, बाई बाई बाई, माझंच चुकलं, सॉरी हं. समोरच्या दोघींना, घ्या घ्या, तुमचाच पॉइंट. मग मागे वळून खुर्च्यांना, वय झालं आता. त्यावर हशा. तेवढ्यात पार्टनर कूलरपाशी गेली, वाकून बॉल काढला, कुर्त्याच्या टोकाला पुसला, डोळ्यांजवळ धरून चिरलाय का ते बघितलं. एकदा टेबलाकडे पाहिलं. तोंड उघडल्यासारखं केलं आणि मिटलं. बॉल समोर टाकून दिला. पुढची सर्व्हिस तिने नीट उचलली, परत आलेला बॉल माझा होता, तो मी नेटमध्ये घातला. ९-११. बक्षीस समारंभात आम्हाला एकेक स्टीलचा डबा मिळाला. त्यात आता साबुदाणा आहे.

हरल्याचं काही नाही. तिने तेव्हा तोंड मिटलं, ते सलतंय.

दुहेरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बॅडमिंटन येतं, नाहीतर टेनिस. तिथे एखादी दांडगी खेळाडू कच्च्या पार्टनरला कोपऱ्यात उभी करून जवळजवळ सगळं कोर्ट एकटीने ओढू शकते. टेबल टेनिसमध्ये ती सोय नाही. एक बॉल तिचा, पुढचा माझा, त्यापुढचा पुन्हा तिचा, मग तो कुठेही येवो. तुमच्या पोटावर आलेला बॉलसुद्धा तिचा असेल तर तिनेच मारायचा, आणि तुम्ही तिथून वेळेवर निघायचं. टेबलाची रुंदी जेमतेम पाच फूट. तेवढ्यात दोन बायका, दोन बॅटा, चार कोपर. फटका मारला की तो बघत उभं राहायचं नसतं, कितीही सुंदर बसला तरी. मारा आणि सरका. उजव्या हाताच्या दोघी असल्या की एकमेकींभोवती फुगडीसारखं गोल फिरावं लागतं. एक डावरी आणि एक उजवी असली की मात्र दोघी आपापल्या अंगाला बाहेर पडतात आणि टेबल आपोआप मोकळं होतं. म्हणून मोठ्या स्पर्धांमध्ये डावऱ्या खेळाडूंना दुहेरीसाठी इतका भाव. सर्व्हिस करणारी टेबलाखाली हात धरून बोटांनी पार्टनरला खूण करते, फिरकी कुठली देणार ते सांगते, कारण तिच्या सर्व्हिसचं जे काही उत्तर येईल ते पार्टनरला झेलायचं असतं. आपण केलेल्या गोष्टीचं फळ दुसरीच्या बॅटवर येणार, असा हा सगळा मामला. आणि टेबलाच्या मधोमध जी तीन मिलिमीटरची पांढरी रेघ असते, जिच्याकडे एकेरीत कुणी ढुंकून बघत नाही, ती फक्त या दुहेरीच्या सर्व्हिससाठी: आपल्या उजव्या अर्ध्यातून समोरच्यांच्या उजव्या अर्ध्यात, तिरकी. नंतर रॅली सुरू झाली की रेघेचं काम संपलं.

हे सगळं मला माहीत आहे. चांगलंच माहीत आहे. म्हणून तर जास्त लाज वाटली.

माझी पहिली पार्टनर माझी सख्खी बहीण, दोन वर्षांनी मोठी, आणि डावरी. आमच्या घरात डावरं असणं म्हणजे रोजची कटकट. आरतीचं ताट उजव्या हातानं धर, प्रसाद उजव्या हातात घे, पाहुण्यांना पाणी देताना तरी लक्ष ठेव. आजी तर ताईच्या डाव्या हातावर चापट मारायची, जोरात नाही, माशी हाकलल्यासारखी. नौपाड्यातल्या आमच्या घरापासून तलावपाळीच्या दिशेने चालत गेलं की एका संस्थेच्या हॉलमध्ये दोन टेबलं होती. तिथे सर नावाचा एक बारीक, सतत खोकणारा माणूस शिकवायचा. त्यांनी पहिल्याच दिवशी ताईला बॅट डाव्या हातात घेताना पाहिलं आणि म्हणाले, “अरे वा, सोनं आलं की.” घरी येताना ताई काही बोलली नाही, पण तलावाच्या कट्ट्यापाशी थांबून तिने आपला डावा हात उलटा-सुलटा करून बघितला, जणू कुणीतरी नुकताच दिलाय. मी दहा वर्षांची असेन. मला ते नीट आठवतंय, कारण मला राग आला होता. माझा उजवा हात कुणीच सोनं म्हटला नव्हता.

तेव्हा गेम २१ची असायची, सर्व्हिस पाच-पाच. बॉल सेल्युलॉइडचा, आत्तापेक्षा किंचित लहान, ३८ मिलिमीटर. फुटला की त्याला कापरासारखा एक वास यायचा. तो वास आला की मला अजून त्या हॉलची फरशी आठवते. पोचा पडलेला बॉल आम्ही घरी आणून चहाच्या आधणात टाकायचो. गरम पाण्यात आतली हवा फुगली की पोचा टुपकन बाहेर यायचा. आई ओरडायची की चहाला रबराचा वास येतो. येत नसे, पण तिला तसं वाटायचं. आणि मी खेळताना ‘माझा’ ओरडायचे. प्रत्येक बॉलला. सर खोकला आवरत म्हणायचे, “अगं, इथे माझा-तुझा म्हणायची सोयच नाही. ते आधीच ठरलंय. तू फक्त वाटेतून हो.” ताई हसायची. मी वाटेतून होत नसे. माझा खांदा तिच्या खांद्याला लागायचा, बॅटवर बॅट आपटायची. एकदा तिच्या बॅटची कड माझ्या बोटांवर बसली, तर घरी जाऊन तिनेच ओरडा खाल्ला. त्याच सुमारास, १९८८ साली, सोलच्या ऑलिंपिकमध्ये टेबल टेनिस पहिल्यांदा आलं आणि महिला दुहेरीचं सुवर्ण यजमान कोरियाच्या ह्युन जुंग-ह्वा आणि यांग यंग-जा यांनी चिनी जोडीला हरवून घेतलं. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. आमचं जग दोन टेबलांचं आणि एका ट्यूबलाइटचं होतं. ती ट्यूब फुरफुरायची आणि बॉल अधूनमधून दिसेनासा व्हायचा.

दोन बायका अरुंद जागेत एकमेकींना न धडकता कशा वावरतात, ते मी त्याआधीच पाहिलं होतं. आमचा ओटा. आठ बाय सहाच्या स्वयंपाकघरात आई आणि काकू. आई तव्यावरून पोळी काढून मागे हात करायची, तो हात पोचायच्या आत काकूने डबा सरकवलेला असायचा. काकू कुकर उतरवायला वळली की आईचं कोपर आपोआप आत. कुणी ‘सरक गं’ म्हणत नसे. आणि मजा अशी, की यातलं एक अख्खं वर्ष दोघींमध्ये अबोला होता. कशावरून ते मला अजून धड कळलेलं नाही. एका साडीचा उल्लेख यायचा आणि मोठी माणसं गप्प व्हायची. ‘काकूला सांग, आमटीत मीठ घातलंय.’ ‘आईला सांग, कळलं.’ हे दोन फुटांवरून, माझ्यामार्फत. पण धक्का कधी लागला नाही, भांडं कधी सांडलं नाही. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं कौतुकाने सांगत आले. दुहेरी शिकायची तर आमच्या ओट्यावर, वगैरे. या तीन आठवड्यांत ती पुन्हा मनात घोळवताना एक गोष्ट लक्षात आली आणि जरा गार पडले. गॅस नेहमी आईचा होता. फोडणी आईची, चव आईची, ‘आज काय करू’ हे ठरवणंही आईचं. काकूकडे मोरी, निवडणं, चिरणं, उतरवणं. धक्का लागत नव्हता, कारण काकूच्या वाट्याचा बॉल कधी येतच नव्हता. टेबल टेनिसचा नियम त्या ओट्याला लावला असता, एक तुझी एक माझी, तर पहिल्याच दिवशी कढई उलटली असती.

ठाण्यात राहून या खेळाबद्दल लिहायचं तर मधुरिका पाटकरचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या ठाण्याची मुलगी. ८ एप्रिल २०१८, रविवार, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेची महिला सांघिक फायनल, समोर सिंगापूर. हा खेळ राष्ट्रकुलमध्ये २००२ साली आला तेव्हापासून हे सुवर्ण सिंगापूरने कुणाला हात लावू दिलेलं नव्हतं. पहिली एकेरी मनिका बत्राने फेंग तियानवेईला हरवून जिंकली, त्याचं सगळीकडे कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं. माझं लक्ष मात्र त्यानंतर जे झालं तिथे अडकून बसलंय. दुसरी एकेरी मधुरिकाची, यू मेंग्यूशी. ती हरली. १-१. आणि तिसरी मॅच दुहेरी: मौमा दास आणि मधुरिका विरुद्ध झोऊ यिहान आणि तीच यू मेंग्यू. म्हणजे जिच्याकडून तुम्ही आत्ता, या क्षणी, एकटीने मार खाऊन आलात, तिच्यासमोर पुन्हा उभं राहायचं, घाम पुसेपर्यंतच काय तो वेळ. ११-७, ११-६, ८-११, ११-७. जिंकल्या. मग मनिकाने चौथी मॅच काढली आणि भारताचं या प्रकारातलं पहिलं सुवर्ण झालं. मी तेव्हा टीव्हीसमोर मटार सोलत होते आणि सोललेले दाणे सालींच्या ढिगात टाकत होते. एकटी हरलेली बाई दुसरीबरोबर उभी राहिली की जिंकते, याला काही जादू म्हणायचं कारण नाही. दुहेरीत एक बॉल मारल्यावर पुढच्या बॉलपर्यंत श्वास घ्यायला मिळतो. आपली चूक आपल्याच बॅटवर लगेच परत येत नाही. मध्ये कुणीतरी असतं.

ऐहिका आणि सुतीर्था मुखर्जीची मॅचही मी अशीच, अर्धवट कामात पाहिली. हांगझोऊची आशियाई स्पर्धा, ३० सप्टेंबर २०२३. विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते, ढोल-ताशांनी कान अजून गच्च होते आणि ‘पुढच्या वर्षी लवकर या’ करून करून घसा बसला होता, त्यामुळे ओरडायची इच्छा असूनही आवाज फुटत नव्हता. दोघी बंगालच्या, नैहाटीच्या. आडनाव एक, पण बहिणी नव्हेत. हे मला कुणीतरी सांगितलं तेव्हा उगाच वाईट वाटलं. समोर चेन मेंग आणि वांग यिदी, त्याच वर्षीच्या दुहेरीतल्या विश्वविजेत्या, त्यातली चेन मेंग तर टोकियोची एकेरीची सुवर्णविजेती. आणि हांगझोऊ म्हणजे त्यांचं घर. ऐहिकाच्या बॅटच्या एका बाजूला असं रबर आहे, ज्यावर फिरकी धरतच नाही. समोरची जीव तोडून बॉलला घुमवते, आणि तो ऐहिकाच्या बॅटवरून मेल्यासारखा, निर्जीव होऊन परत येतो. त्याला सावरून उचलावं, तर पुढचा बॉल सुतीर्थाचा, अगदी वेगळ्या चालीचा. विलंबितात एक आवर्तन आणि लगेच द्रुतात एक. चिनी जोडीला ठेका सापडेना. ११-५, ११-५. तिसरी गेम गेली ५-११ आणि मी फोन उलटा करून ठेवला, कारण मी बघितलं की हरतात अशी आमच्या घरात माझी ख्याती आहे. चौथी ११-९. फोन सुलटा केला तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात होत्या.

उपांत्य फेरी २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सुट्टीत. उत्तर कोरियाच्या चा सुयोंग आणि पाक सुग्योंगशी सात गेम. ३-२ अशा पुढे होत्या आपल्या मुली. सहावी गेली, सातवी गेली तीही २-११. शेवटच्या गेममध्ये त्या दोघींकडे बघवत नव्हतं, आणि तरी एक गोष्ट मी बघत राहिले. एकदाही एकीने दुसरीकडे रागाने पाहिलं नाही. पॉइंट गेला की दोघी जवळ यायच्या, काहीतरी पुटपुटायच्या, आणि परत. तीन-चार शब्द असतील. ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवशी इतकं थोडं बोलता येणं, हे मला फटक्यांपेक्षा अवघड वाटतं. कांस्य मिळालं. आशियाई स्पर्धेत महिला दुहेरीचं भारताचं ते पहिलंच पदक.

फायनलला मग उत्तर कोरियासमोर दक्षिण कोरिया आली. शिन यु-बिन आणि जिऑन जी-ही जिंकल्या. त्यातली जिऑन डावरी, आणि जन्माने चिनी. ते बघताना मला १९९१चं चिबा आठवलं, म्हणजे नंतर वाचलेलं चिबा. जपानमधल्या त्या जागतिक स्पर्धेत दोन्ही कोरियांनी एकच संघ उतरवला होता. दक्षिणेची ह्युन जुंग-ह्वा, सोलमधली तीच, आणि उत्तरेची ली बुन-हुई. कालपर्यंत एकमेकींसमोर उभ्या राहणाऱ्या दोघी टेबलाच्या एकाच बाजूला. सांघिक फायनलमध्ये त्यांनी चीनला हरवलं. गंमत म्हणजे त्या फायनलमधली दुहेरी मात्र त्या दोघी हरल्या होत्या. चित्रपटवाल्यांना असली हार परवडत नाही, मला ती आवडते. त्या एका स्पर्धेनंतर दोघी आपापल्या देशात परत गेल्या. तसल्या दोन देशांत, जिथून साधं पत्र पाठवणंही कठीण.

या सगळ्यात महिला दुहेरीच्या वाट्याला कायम दुय्यमपणा आला असं मला वाटतं, आणि यात माझा थोडा पूर्वग्रह असेलही. बार्सिलोना आणि अटलांटाला डेंग यापिंग आणि चियाओ हाँगने दुहेरीची दोन सुवर्णं लागोपाठ घेतली. पण लोकांना आठवते ती डेंग, दीड मीटर उंचीची, एकेरीची राणी. बार्सिलोनाच्या एकेरीच्या फायनलमध्ये तिच्यासमोर चियाओच होती हे कुणी सांगत नाही. अथेन्स २००४नंतर तर ऑलिंपिकमधून महिला दुहेरीच काढून टाकली आणि सांघिक स्पर्धा आणली, म्हणजे दुहेरी उरली ती सांघिकच्या पोटातली एक मॅच म्हणून. आता लॉस एंजेलिसला, २०२८मध्ये, ती परत येतेय. चोवीस वर्षं. आणि १९५२ साली जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली होती. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. त्यांच्या मामाबरोबर ठाण्याहून लोकलने गेले होते. हिरोजी सातो नावाचा चष्मेवाला जपानी स्पंज लावलेली बॅट घेऊन आला, बॅटचा आवाजच येईना आणि भलेभले गारद झाले, ही गोष्ट आम्ही बाबांकडून शंभरदा ऐकली. आवाज न येणाऱ्या बॅटची नक्कल ते तोंडाने करायचे, जी अर्थातच कुणाला ऐकू यायची नाही, आणि तेच त्यात हसायचं असायचं. महिला दुहेरीही त्या वर्षी जपाननेच जिंकली होती, नाराहारा आणि निशिमुरा. हे मला पन्नाशीत कळलं. बाबांनी त्या दोघींना पाहिलं असणार. ताईला आणि मला रोज संध्याकाळी बॅटा घेऊन बाहेर पडताना बघणाऱ्या माणसाला त्या कधी आठवल्या नाहीत. आता विचारायला बाबा नाहीत.

आईच्या वेळी मी ठाण्यात होते आणि ताई नाशिकला. डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशन करायचं का, आणि मी हो म्हणाले. संध्याकाळपर्यंत सही, पैसे, खोली, सगळं केलं आणि रात्री ताईला फोन करून सांगितलं. निर्णय चुकीचा नव्हता. आई त्यानंतर सहा वर्षं होती, तलावपाळीला फेऱ्या मारत होती, भेळवाल्याशी चिंच जास्त घाल म्हणून वाद घालत होती. पण त्या रात्री फोनवर ताई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “बरं.” त्यानंतर पुढची दोन वर्षं आमचं बोलणं पाऊस, मुलांच्या परीक्षा आणि सांडग्यांच्या मिरच्या यांच्या पलीकडे गेलं नाही. मला वाटायचं ती लांब आहे म्हणून. मी इथे सगळं एकटीने ओढतेय म्हणून. एकटीने ओढणं मला आवडत होतं, हे माझ्या नवऱ्याने एकदा जेवताना सहज सांगितलं आणि मी त्याला दोन दिवस भाजी विचारली नाही. आता ताई आणि मी पूर्वीसारख्या बोलतो. जवळजवळ पूर्वीसारख्या. फायनलचं मी तिला फोनवर सांगितलं, अंपायरच्या आवाजाची नक्कल करून. ती खूप हसली. हसणं संपल्यावर म्हणाली, “माझा, असं ओरडलीस की नुसताच मारलास?”

नुसताच मारला, मी म्हटलं. तेवढी सुधारणा.

परवा रविवारी सकाळी पार्टनरचा मेसेज आला, ‘ताई, येताय का खाली?’ फायनलनंतर पहिल्यांदाच. मी लिफ्टमधून उतरेपर्यंत मनात दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती, त्या बॉलबद्दल. माफी मागावी, पण हलक्याने, तिला अवघड होणार नाही अशी. क्लबहाउसमध्ये फिनेलचा वास होता. साफसफाईच्या मावशी रोज ते टेबलसुद्धा फरशी पुसायच्या पाण्यानेच पुसतात, त्यांना सांगून झालंय, त्या हो म्हणतात आणि पुसतात. बाहेर मेट्रोच्या कामाचा खडखडाट. पार्टनर आधीच आली होती. टेबलाच्या आमच्या बाजूला, नेटच्या जवळ, कोपरं टेकून ती ओणवी झाली होती आणि तिच्या हातात मुलाच्या दप्तरातला व्हाइटनर होता. दुसऱ्या हाताने लाकडी फूटपट्टी दाबून धरलेली. जीभ किंचित बाहेर, लहान मुलं चित्र रंगवताना काढतात तशी. मी जवळ जाऊन पाहिलं. मधली पांढरी रेघ नेटपासून हातभर अंतरापर्यंत पुसून पार नाहीशी झाली होती. उरलेली कडेला तेवढी दिसत होती. मी या टेबलावर तीन वर्षं खेळतेय. कधी लक्षात आलं नव्हतं.

“थांबा हं, हात लावू नका, ओली आहे,” ती म्हणाली. मी बॅट खुर्चीवर ठेवली. ती पट्टी पुढे सरकवून आणखी बोटभर रेघ ओढत राहिली. मग वर न बघताच, कॅशच्या खिडकीतून आकडा सांगावा तशा आवाजात, “त्या दिवशी ती सर्व्हिस इथे पडली होती,” आणि व्हाइटनरच्या टोकाने रेघेच्या डावीकडची जागा दाखवली. चांगली दोन बोटं डावीकडे. माझ्या अर्ध्यात. मला कळायला जरा वेळ लागला. बॉल माझ्या बाजूला आला होता, कारण तो यायलाच नको होता तिथे आला होता. सर्व्हिस फॉल्ट. मी हात लावायच्या आधीच पॉइंट आमचा झालेला. १०-९.

“अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?”

तिने व्हाइटनरला टोपण लावलं, खाली वाकून रेघेवर हळूच फुंकर घातली, एक, दोन, तीन वेळा.

“तुम्ही बोलत होतात ना, ताई.”